एका शिलिंगात सिंफनी : लंडनच्या ‘प्रॉम्स’ची गोष्ट

सिंफनी ऑर्केस्ट्राचा नवा हंगाम जाहीर झाला, की जगात कुठेही दोन प्रश्न हमखास निघतात. नवे श्रोते आणायचे कुठून? आणि तोटा भरायचा कोणी? पहिल्या प्रश्नावर फार बोलले जाते. दुसऱ्यावर दबक्या आवाजात. १८९५ साली लंडनमधल्या एका व्यवस्थापकाने पहिल्याचे उत्तर शोधले. दुसऱ्याची किंमत पुढे अनेकांनी मोजली. धागा लांब आहे, सवडीने वाचावा.

लँगहॅम प्लेस इथले क्वीन्स हॉल हे सभागृह १८९३ मध्ये खुले झाले. रॉबर्ट न्यूमन त्याचा व्यवस्थापक. उन्हाळा आला की लंडनचा उच्चभ्रू वर्ग शहर सोडून जाई आणि मैफलींचा हंगाम मालवे. मागे उरत ते कारकून, दुकानांतले नोकर, शिक्षक. न्यूमनने नेमका हाच काळ निवडला. सभागृहाच्या मधल्या भागात उभे राहून, हवे तर इकडेतिकडे फिरत ऐकायचे. म्हणून नाव ‘प्रॉमिनाड’ मैफली.

कल्पना त्याची स्वतःची नव्हती. १८४०च्या दशकात झ्युलियां नावाच्या फ्रेंच संचालकाने लंडनमध्ये अशाच मैफली गाजवल्या होत्या. बेथोव्हेन वाजवताना तो पांढरे हातमोजे चढवी आणि रत्नजडित बॅटन हाती घेई. त्याच्या या थाटाची पुष्कळ टिंगल झाली. पण ज्यांनी तोवर बेथोव्हेनचे नावही ऐकले नव्हते, त्यांना त्याने बेथोव्हेन ऐकवला, हे टिंगल करणाऱ्यांच्या लक्षात आले नाही.

न्यूमनची योजना मात्र अधिक शांत डोक्याची होती. आरंभी लोकांच्या परिचयाचे, सोपे संगीत द्यायचे. मग थोडे थोडे अवघड. आणि अशा रीतीने काही वर्षांत अभिजात व आधुनिक संगीताचा श्रोता घडवायचा. श्रोता शोधायचा नाही, घडवायचा! संगीत संचालनासाठी त्याने निवडला हेन्री वुड, वय अवघे २६.

पैसा आला तो अनपेक्षित दिशेने. डॉ. जॉर्ज कॅथकार्ट हे घशाच्या विकारांचे तज्ज्ञ. इंग्लंडमधल्या वाद्यवृंदांची पट्टी त्या काळी इतकी चढलेली होती, की गायकांचे गळे तिच्यापायी बिघडत आणि उपचारासाठी कॅथकार्टकडे येत. आपल्याकडे गायकाला ‘काळी एक’ झेपत नसेल तर साथीदार पट्टी उतरवतात. तिथे ते शक्य नव्हते. क्लॅरिनेट, ओबो यांची पट्टी घडणीतच ठरलेली. कॅथकार्टने अर्थसाहाय्य देऊ केले ते दोन अटींवर : पट्टी उतरवायची, फ्रान्सने १८५९ मध्ये कायद्याने ठरवली तशी, आणि संचालक एकटा वुडच. वादक नवी वाद्ये घ्यायला तयार होईनात, तेव्हा खालच्या पट्टीची वाद्ये कॅथकार्टनेच आणवून दिली. एका वैद्याच्या हट्टापायी इंग्लंडच्या संगीताचा सूर उतरू लागला, ही गोष्ट मला या सगळ्या इतिहासात सर्वांत मोहक वाटते.

१० ऑगस्ट १८९५ रोजी वाग्नरच्या ‘रिएंझी’च्या ओव्हर्चरने आरंभ झाला. उभ्याचे तिकीट एक शिलिंग. संपूर्ण हंगामाचा पास एक गिनी, म्हणजे २१ शिलिंग. रविवार वगळता रोज मैफल असल्यामुळे नियमित येणाऱ्याला एकेक मैफल शिलिंगाहून कितीतरी स्वस्त पडे. खाण्यापिण्याला, धूम्रपानालाही मुभा होती. फक्त गायन चालू असताना काडी ओढू नये, अशी विनंती असे. मैफलीचा उत्तरार्ध हलकाफुलका : लोकप्रिय गाणी, ऑपेरातल्या धूनांच्या माळा. पण लवकरच सोमवार वाग्नरचा आणि शुक्रवार बेथोव्हेनचा ठरून गेला, आणि या रात्री लोकांनी उचलून धरल्या.

गोडी लागली, ही झाली एक बाजू. १९०२ मध्ये न्यूमनचे दिवाळे निघाले. नाटकांच्या धंद्यात घातलेला पैसा बुडाला होता. प्रॉम्सचा भार तेव्हा सर एडगर स्पायर या बँकरने उचलला. तो जर्मन-ज्यू कुटुंबातला; लंडनच्या भुयारी रेल्वेच्या उभारणीतही त्याचा पैसा होता. त्याच्या काळात वुडला धाडस परवडू लागले. ३ सप्टेंबर १९१२ रोजी शोएनबर्गच्या ‘पाच वाद्यवृंदरचना’ जगात प्रथम वाजल्या त्या इथेच, शिलिंगवाल्या श्रोत्यांपुढे. श्रोते हसले, काहींनी हिस्-हिस् केले. पण ते आले होते, हे विसरू नये.

पुढे महायुद्ध आले. १९१४च्या ऑगस्टमध्ये पहिल्या सोमवारची वाग्नर-रात्र रद्द करून मित्रराष्ट्रांचे संगीत वाजवण्यात आले. न्यूमनने मात्र जाहीर केले, की थोर कला साऱ्या जगाची असते, तात्कालिक द्वेषाने तिला दूर सारता येत नाही. आणि वाग्नर परतला. स्पायर परतला नाही. जर्मन वंशाच्या संशयाने पिडलेला तो माणूस १९१५ मध्ये अमेरिकेला गेला, आणि १९२१ मध्ये त्याचे ब्रिटिश नागरिकत्वही काढून घेण्यात आले. ज्या देशाला त्याने वर्षानुवर्षे संगीत पुरवले, त्याने संगीत ठेवले आणि माणूस टाकला.

स्पायरनंतर ‘चॅपल’ या संगीत-प्रकाशन संस्थेने प्रॉम्स चालवले. तिचा प्रमुख विल्यम बूझी रेडिओचा कट्टर विरोधक : घरबसल्या फुकट ऐकायला मिळाले, तर तिकीट कोण काढील? १९२६ मध्ये न्यूमन गेला आणि चॅपलने हात काढून घेतला. १९२७ पासून प्रॉम्स चालवायला घेतले ते बीबीसीने, म्हणजे खुद्द रेडिओनेच! मैफली घरोघरी ऐकू येऊ लागल्या आणि सभागृहही भरत राहिले.

१० मे १९४१ रोजी दुपारी क्वीन्स हॉलमध्ये एल्गारचे ‘द ड्रीम ऑफ जेरॉन्शियस’ सादर झाले. त्याच रात्री आगलावे बाँब पडले आणि सभागृह जळून खाक झाले. त्या उन्हाळ्यात हंगाम रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये भरला. बॅटन वुडच्याच हाती. १९४४च्या ऑगस्टमध्ये, पन्नासाव्या हंगामाच्या वर्षी, तो वारला. क्वीन्स हॉलच्या राखेतून वाचलेला त्याचा कांस्य अर्धपुतळा आजही दर हंगामात वाद्यवृंदामागे मांडतात. समोर, सभागृहाच्या मध्यभागी, स्वस्त तिकीट काढलेले लोक उभे असतात.