लुई अगासी आणि त्याचे मासे

डार्विनच्या विरोधकाचें नांव निघालें कीं आपल्या डोळ्यांपुढें एखादा हटवादी पाद्री उभा राहतो. परंतु एकोणिसाव्या शतकांतील त्याचा एक अत्यंत तयारीचा विरोधक पाद्री नव्हता. पाद्र्याचा मुलगा होता खरा. लुई अगासी हा १८०७ सालीं स्वित्झर्लंडांत जन्मला. खडकांत रुतलेल्या माशांचें त्याच्याइतकें ज्ञान त्या काळीं क्वचितच कोणास असेल. १८३३ ते १८४३ या अवधींत त्यानें या अश्मीभूत माशांवर पांच खंडांचा ग्रंथ सिद्ध केला.

त्याच्या धाडसाविषयीं तर शंकाच नको. आल्प्समधील प्रचंड धोंडे दूर जुरा पर्वतावर कसे पोंचले, हें एक कोडें होतें. पुष्कळ विद्वान् महापुराकडे बोट दाखवीत. व्हेनेट्झ आणि शार्पांत्ये यांनीं हिमनद्यांची कल्पना अगोदर मांडली होती. परंतु एके काळीं युरोपचा मोठा भाग बर्फाखालीं गाडला गेला होता, असें अगासीनें १८३७ सालीं नशातेलच्या सभेंत ठणकावून सांगितलें. मोठमोठे भूगर्भवेत्ते संतापले. माशांकडेच परत वळावें, असा सल्ला हुंबोल्टनें दिला. तो न जुमानतां हा गृहस्थ आर हिमनदीवर एका धोंड्याच्या आडोशास मुक्काम ठोकून बर्फाची चाल मोजीत बसला!

मग असा मनुष्य उत्क्रांतीपाशीं कां अडला? त्याच्या मतें प्रत्येक जाति ही ईश्वराच्या मनांतील एक विचार. हिमयुग आलें, जुनी सृष्टि नष्ट झाली, नवी निर्माण झाली. दोहोंमध्यें वंशाचा धागा नाहीं. म्हणजे बर्फही त्याच्या श्रद्धेला सोयीचेंच होतें.

मासे मात्र सोयीचे नव्हते. अतिप्राचीन माशांच्या शेपटीचा वरचा भाग लांब असून पाठीचा कणा त्यांत शिरलेला असे. आजच्या सामान्य माशाची शेपटी वरखालीं सारखी दिसते. पण अंड्यांतील पिलाची शेपटी कांहीं काळ त्या जुन्या घाटाची असते. हें साम्य अगासीनेंच आग्रहानें पुढें मांडलें. प्राचीन प्राणी आणि आजचे गर्भ यांच्या साम्याविषयीं डार्विननें १८५९ च्या ग्रंथांत अगासीचें नांव घेतलें आहे. हा मेळ सर्वत्र तंतोतंत बसत नाहीं, हें पुढें कळून आलें. तथापि जेथें बसतो तेथें वंशसंबंधावांचून त्याचा उलगडा कठीण.

१८४६ सालीं तो अमेरिकेस गेला व हार्वर्ड येथें त्यानें मोठें प्राणिसंग्रहालय उभारलें. मानववंशही वेगवेगळे निर्माण झाले, असें तो तेथें उघड सांगे. गुलामगिरीच्या कैवाऱ्यांना तें हवेंच होतें. त्याच्या इतर सर्व मतांहून हें मत मला अधिक जड वाटतें.

१८६५ सालीं तो ब्राझीलला गेला. उष्ण कटिबंधही बर्फाखालीं होता असें ठरलें, तर जुन्या-नव्या जीवांचा संबंध तुटणार होता. ॲमेझॉनच्या खोऱ्यांत तशा खुणा सांपडल्या, असें त्यानें जाहीर केलें; त्या बर्फाच्या नव्हत्या.

१८७३ च्या डिसेंबरांत तो वारला. पुढील महिन्यांत प्रसिद्ध झालेल्या लेखांतही शार्कसारखे उच्च प्रतीचे मासे आरंभींच कसे आढळतात, हा त्याचा प्रश्न होता. प्रश्न पोरकट नव्हे. परंतु तोंवर त्याचे बहुतेक नामांकित शिष्य उत्क्रांति मानूं लागले होते.