डोंगर नसलेलं माऊंट प्लेझंट

माऊंट प्लेझंटच्या नावात डोंगर आहे, गावात नाही. सगळी जमीन सपाट, समुद्रापेक्षा जेमतेम काही फूट उंच. अमेरिकेच्या आग्नेय किनाऱ्यावर, साउथ कॅरोलायना राज्यात चार्ल्स्टन नावाचं जुनं बंदर आहे. तिथून कूपर नदीवरचा पूल ओलांडला की हे उपनगर लागतं. १९९०च्या जनगणनेत इथे ३०,१०८ माणसं होती, २०२०मध्ये ९०,८०१. तीस वर्षांत तिप्पट. बर्फाला कंटाळलेले उत्तरेकडचे लोक इथे येतात. शेजारच्या नॉर्थ चार्ल्स्टनमध्ये २०११ साली बोइंगचा कारखाना सुरू झाल्यापासून आपल्याकडचे इंजिनियरही येऊ लागले. त्यांत आमची भर पडावी का, हा प्रश्न गेलं वर्षभर आमच्या घरात जेवणाच्या टेबलावर आहे. बायकोला चार्ल्स्टनमध्ये चांगली नोकरी मिळते आहे, मला घरून काम करता येतं, आणि न्यू जर्सीतल्या सव्वीस हिवाळ्यांनी माझ्या पाठीचा निकाल लावला आहे.

तिथे आधी गेलेल्या ओळखीच्यांना तोटे विचारले. यादी सगळ्यांची सारखीच: डास, दमट उकाडा, वादळं, विमा, वाहतूक, आणि फार लोक येताहेत ही तक्रार. (ही शेवटची तक्रार करणारे बहुतेक जण दोन-तीन वर्षांपूर्वीच आलेले असतात.) यादी खोटी नाही. पण घर बघायच्या आधी मी गावाचा इतिहास वाचायला घेतला आणि वाचता वाचता लक्षात आलं, की यातला एकही तोटा नवा नाही. ते पूर्वी कोण सोसत होतं आणि आता कोण सोसतं, एवढाच काय तो फरक.

डासांपासून सुरुवात करतो. इंग्रजी वसाहतीच्या काळात हा भाग क्राइस्ट चर्च पॅरिश म्हणून ओळखला जाई. पॅरिश म्हणजे चर्चच्या नावाने चालणारा परगणाच. त्या चर्चच्या अठराव्या शतकातल्या नोंदवह्या अभ्यासकांनी तपासल्या आहेत. ज्यांच्या जन्माची आणि मृत्यूची अशा दोन्ही नोंदी सापडतात, त्यांतले सुमारे ८६ टक्के लोक वयाची वीस वर्षं पुरी होण्याआधीच गेले. हे गोऱ्या वसाहतवाल्यांचे आकडे आहेत. ज्यांची नोंदच कोणी ठेवली नाही त्यांचं काय झालं असेल, त्याची नुसती कल्पना करायची.

मरणाचं एक मोठं कारण मलेरिया, आणि मलेरियाचं एक मोठं कारण भात. मी अलिबागच्या खारेपाटातला. बांध, उघाडी, खाजण हे शब्द मला शाळेच्या आधी आले. आमच्याकडे बांध घालायचा तो खाडीचं खारं पाणी अडवायला, आणि उघाडी ठेवायची ती शेतातलं पावसाचं पाणी ओहोटीला बाहेर जावं म्हणून. कॅरोलायनातल्या भातशेतीत युक्ती तीच, पण थोडी उलटी फिरवलेली. भरती नदीचं गोडं पाणी मागे रेटते, ते दारं उघडून शेतात घ्यायचं आणि ओहोटीला सोडून द्यायचं. मोठ्या नद्यांच्या वरच्या अंगाला अशी शेती होती. क्राइस्ट चर्चमध्ये भात असे तो आतल्या पाणथळीत, आणि वांडो नदीच्या काठाने विटांच्या भट्ट्या. हे बांध पश्चिम आफ्रिकेतून धरून आणलेल्या माणसांनी घातले. त्यांच्यातल्या अनेकांना भात ठाऊक होता. इंग्रज मालकांना तो ठाऊक नव्हता.

साचलेल्या गोड्या पाण्यात मलेरियाचा डास वाढतो. मालकांना डासाचं गणित माहीत नव्हतं, ते दोष हवेला देत. पण उन्हाळ्यात शेतावर राहिलं की माणूस तापाने मरतो आणि समुद्राच्या वाऱ्यावर राहिलं की बहुधा वाचतो, हे त्यांना कळलेलं होतं. म्हणून मे महिना आला की ते मळे सोडत आणि पहिलं हीव पडल्यावर परतत. मधले महिने कोणी चार्ल्स्टनला जाई, कोणी किनाऱ्यावरच्या वस्त्यांत. १८३७ साली गाव म्हणून नोंदलेलं माऊंट प्लेझंट हे अशा उन्हाळी वस्तीतूनच वाढलं. म्हणजे आज ज्या जुन्या गावठाणातल्या ओकच्या सावलीतली घरं एजंट आवाज खाली आणून दाखवतो, ती तापापासून पळून आलेल्यांची जागा. मागे शेतात गुलाम राहत. त्यांना मलेरिया होत नाही असं मालक एकमेकांना सांगत. काही आफ्रिकी समाजांत त्या तापाला थोडाफार प्रतिकार असतो, हे खरं आहे. पण त्या थोड्याफार प्रतिकाराच्या जोरावर शेकडो माणसांना चिखलात उभं ठेवता आलं.

गावापुढे समुद्राच्या बाजूला सलिव्हन्स आयलंड नावाचं बेट आहे. तिथल्या फोर्ट मोल्ट्रीने २८ जून १७७६ रोजी ब्रिटिश आरमाराचा मारा झेलला. भिंती पामेटो ताडाच्या ओंडक्यांच्या आणि वाळूच्या होत्या, तोफगोळे त्यांत रुतून बसले. ते झाड आजही राज्याच्या झेंड्यावर आहे. ही कथा शाळेत शिकवतात. त्याच बेटावर अठराव्या शतकात रोग्यांना वेगळं ठेवण्याची घरं होती आणि आफ्रिकेतून आलेल्या जहाजांवरच्या माणसांना बंदरात विकायला नेण्याआधी त्या बेटावर किंवा जहाजातच अडकवून ठेवत. उत्तर अमेरिकेत आणलेल्या आफ्रिकी गुलामांपैकी सुमारे चाळीस टक्के चार्ल्स्टन बंदरातून आले, असा अंदाज सांगितला जातो. त्यांच्यासाठी साधा बाकसुद्धा कुठे नाही, असं लेखिका टोनी मॉरिसन यांनी १९८९ साली म्हटलं होतं. २००८मध्ये त्यांच्या नावाच्या सोसायटीने या बेटावर एक काळा पोलादी बाक ठेवला. मी त्यावर बसलो आहे. समोर खाजण दिसतं, वास थेट रेवदंड्याच्या खाडीचा येतो. बेटावरची घरं आता लाखो डॉलरांना जातात.

यादवी युद्ध १८६५मध्ये संपल्यावर सुटलेल्या लोकांनी काय केलं, हा या गावाच्या इतिहासातला मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा भाग. त्यांनी जमीन विकत घेतली. मळ्यांचे मालक कर्जात बुडाले होते आणि तुकडे पाडून विकायला तयार होते. १८६८मध्ये स्कॅनलनव्हिल वसलं, १८७०च्या दशकात फिलिप्स, त्यांच्याच आगेमागे स्नोडेन. सिक्स माइल, सेव्हन माइल, टेन माइल अशी रस्त्यावरच्या अंतरांची नावं घेतलेल्या वस्त्याही आहेत. या लोकांना गलाह-गीची म्हणतात. आफ्रिकी आणि इंग्रजी मिळून झालेली त्यांची स्वतंत्र बोली आहे. आणि त्यांची टोपली आहे.

ही टोपली विणत नाहीत. स्वीटग्रास नावाच्या गवताची वळी गोल गोल रचत पामेटोच्या पट्टीने शिवत जातात. भोक पाडायला चमच्याची दांडी घासून केलेलं हत्यार असतं. सगळ्यांत जुना प्रकार म्हणजे भात पाखडायचं रुंद, उथळ सूप. मळ्यांवरचा भात गेला, पण सूप करणारे हात राहिले. १९२९ साली कूपर नदीवर पहिला पूल झाला, तोवर चार्ल्स्टनला जायला फेरीबोट होती. पूल आल्यावर हायवे १७वरून मोटारी धावू लागल्या, आणि १९३०च्या सुमारास बायकांनी घरासमोर, रस्त्याच्या कडेला खुर्च्या आणि खिळे ठोकलेल्या फळ्या मांडून टोपल्या विकायला सुरुवात केली. रस्त्याने त्यांना गिऱ्हाईक दिलं. पुढे तोच रस्ता रुंद होत गेला आणि स्टॉल मागे सरकत गेले. २००६मध्ये त्या रस्त्याच्या एका पट्ट्याला टोपलीवाल्यांचं नाव देण्यात आलं. जागा घ्यायची आणि नाव द्यायचं, हे आपल्यालाही नवीन नाही.

एका स्टॉलवर मी हातभर रुंदीची टोपली उचलली आणि किंमत ऐकून खाली ठेवली. बसलेली बाई हसली. लहानपणी घरामागच्या ओढ्यापलीकडे जाऊन गवत कापून आणायचो, म्हणाली. आता तिथे फाटक आहे, आणि फाटकावर पहारेकरी. गवतासाठी तिचा भाचा गाडी घेऊन जॉर्जियापर्यंत जातो, कधी फ्लोरिडापर्यंत. शेवटी मी वीतभर टोपली घेतली. तिने विचारलं, घर बघायला आलात का? मी हो म्हणालो. ती पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळली.

या वस्त्यांतली बरीच जमीन 'एअर्स प्रॉपर्टी' आहे, म्हणजे मृत्युपत्र न करता वारसांना सामाईक गेलेली. मराठी वाचकाला यात समजावून सांगण्यासारखं काही नाही. सातबाऱ्यावर एकवीस नावं, त्यांतली सहा मुंबईत, दोन मयत आणि एक रुसलेलं. पण तिकडचा कायदा जास्त धारदार होता. एका वारसाचा हिस्सा विकत घेणारा परका माणूसही कोर्टात जाऊन सगळ्या जमिनीची विक्री मागू शकायचा. बिल्डरला एवढी फट पुरे. २०१६ साली राज्याने कायदा बदलला आणि इतर वारसांना आधी तो हिस्सा विकत घेण्याची संधी दिली. त्या कायद्याला क्लेमेंटा पिंकनी यांचं नाव आहे. राज्याचे सेनेटर आणि पाद्री असलेले पिंकनी २०१५मध्ये चार्ल्स्टनच्या इमॅन्युएल चर्चमधल्या हत्याकांडात मारले गेले. अमेरिकेच्या राज्यघटनेवर सही करणाऱ्या चार्ल्स पिंकनी यांचा मळाही इथेच, स्नी फार्म. एकच आडनाव मालकांच्या आणि काळ्या कुटुंबांच्या दोन्ही याद्यांत का आढळतं, याचं कारण सांगायला नको. स्नी फार्ममधली २८ एकर जमीन आता राष्ट्रीय स्मारक आहे. उरलेल्या बऱ्याचशा जमिनीवर त्याच नावाचा गोल्फ क्लब आणि वसाहत. नव्या वसाहतींच्या पाट्यांवर 'प्लँटेशन' हा शब्द सर्रास दिसतो. बून हॉल या मळ्यात विटांच्या नऊ गुलाम-खोल्या ओळीने उभ्या आहेत आणि त्याच मळ्यात आजही लग्नं लागतात.

आता वादळ. २१ सप्टेंबर १९८९च्या मध्यरात्री 'ह्यूगो' चौथ्या श्रेणीचं चक्रीवादळ म्हणून नेमकं इथेच किनाऱ्यावर आलं. सलिव्हन्स आयलंडला जोडणारा फिरता पूल वाकडा होऊन पडला, लोकांना होडीने आपलं घर बघायला जावं लागलं. एवढं झाल्यावर माणसं पळून जातील असं वाटावं. झालं उलटं. वरची तिप्पट वाढ ही ह्यूगोच्या नंतरची आहे.

याला हिंमत म्हणता येईल, पण विमाही म्हणता येईल. पुराचा विमा १९६८पासून केंद्र सरकारच्या योजनेतून मिळतो आणि घराच्या साध्या विम्यात पूर धरलेला नसतो. सरकारी योजनेत घराच्या इमारतीसाठी जास्तीत जास्त अडीच लाख डॉलर. २०२१पर्यंत हप्ता मुख्यतः नकाशातल्या पट्ट्यावरून ठरे, आता प्रत्येक घराचा धोका वेगळा मोजतात, त्यामुळे शेजाऱ्याचा हप्ता विचारून उपयोग नाही. वादळासाठी वजावट टक्क्यांत असते. सहा लाखांचा विमा आणि वजावट दोन टक्के असेल, तर पहिले बारा हजार डॉलर आपले. चार्ल्स्टन बंदरात १९२१पासून भरतीची मोजणी होते आणि तेव्हापासून समुद्र सुमारे एक फूट वर आला आहे. सपाट गावात एक फूट म्हणजे किती, हे खारेपाटातल्या माणसाला विचारा. आमच्याकडे बांध फुटला की एका उधाणात शेत खारं होतं आणि पुढची दोन-तीन वर्षं पिकत नाही.

वाहतुकीबद्दल थोडक्यात. चार्ल्स्टनच्या बाजूला जायला मोठे पूल दोनच, कूपरवरचा आणि वांडोवरचा. कूपरवरचा नवा रॅव्हनेल पूल १६ जुलै २००५ला उघडला, आठ पदरी, देखणा. मे २०१८मध्ये वांडो पुलाच्या आतली एक केबल तुटली आणि त्याची एक बाजू काही आठवडे बंद राहिली. बाजू एक, पण कोंडी सगळ्या गावाची.

आम्हाला आवडलेलं घर हायवे ४१च्या पलीकडे होतं. चार खोल्या, तळं, मुलीच्या मुलांसाठी अंगण. तिकडच्या वसाहती इतक्या वाढल्या, की हायवे ४१ रुंद करण्याचा आराखडा आला, आणि तो रस्ता फिलिप्सच्या मधून जातो. दीडशे वर्षांपूर्वी दहा-दहा एकर विकत घेतलेल्यांच्या पणतवंडांच्या पडव्या त्या रेषेत होत्या. त्यांनी विरोध केला. २०२१मध्ये काउंटीने फिलिप्सला ऐतिहासिक वस्तीचा दर्जा दिला. वाद रस्त्याचा होता, पण रस्ता हवा होता तो मागच्या वसाहतीतल्यांना. म्हणजे आम्हाला.

बायकोचं म्हणणं, आपण गेलो नाही म्हणून ती जमीन कोणाला परत मिळणार नाही. हे खरं आहे, आणि मी त्यावर वाद घातला नाही. मी एवढंच म्हटलं, की ४१पलीकडचं घर नको. आता एक १९७०च्या दशकातलं, रॅव्हनेल पुलाच्या जवळचं घर बघितलं आहे. स्वयंपाकघर जुनं आहे, तळं नाही, आणि ह्यूगोत तिथे किती पाणी आलं होतं ते सांगायला पलीकडच्या घरात एक म्हातारे गृहस्थ आहेत. त्यांनी गॅरेजच्या भिंतीवर खूण करून ठेवली आहे. घराच्या उंचीचा दाखला मागवला आहे. नोकरीचं उत्तर पंधरा तारखेपर्यंत द्यायचं आहे.