तुरुंगाच्या दाराअलीकडची वाट

गुन्हा शाबीत झाला तर तुरुंग आणि न झाला तर सुटका, एवढीच न्यायालयाविषयी आपली सर्वसाधारण समजूत असते. या दोहोंच्या मध्ये कायद्याने एक तिसरी वाट ठेवली आहे. मराठीत तिला ‘परिवीक्षा’ असे काहीसे अवजड नाव मिळाले. ‘प्रोबेशन’ हा मूळ शब्द लॅटिनमधून आलेला. पारखणे, कसोटीला लावणे हा त्याचा अर्थ. आरोपीला दोषी ठरवायचे, परंतु तुरुंगाची शिक्षा लगेच न सुनावता त्याच्याकडून चांगल्या वर्तणुकीचा मुचलका लिहून घ्यायचा आणि ठरावीक काळ एका अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली त्याला आपल्याच घरी, आपल्याच माणसांत राहू द्यायचे, अशी ही पद्धत आहे. देखरेख करणारा तो परिवीक्षा अधिकारी. आज हे पद सरकारी असले तरी त्याचा जन्म सरकारी कचेरीत झालेला नाही.

१८४१ सालच्या ऑगस्ट महिन्यात अमेरिकेतील बॉस्टन शहरच्या पोलीस न्यायालयात जॉन ऑगस्टस नावाचे गृहस्थ बसले होते. व्यवसाय बूट तयार करण्याचा; दारूबंदीचा प्रचार करणाऱ्या एका संस्थेचे ते सभासद. फाटक्या कपड्यांतील एका मद्यप्याला शिपायांनी न्यायाधीशांपुढे आणले. त्याला सुधारगृहाच्या नावाने चालणाऱ्या तुरुंगात धाडले जाणार हे उघड होते. ऑगस्टस त्याच्याशी चार शब्द बोलले. या वेळी वाचलो तर पुन्हा दारूला शिवणार नाही, असे तो म्हणाला. ऑगस्टस यांनी त्याचा जामीन घेतला. तीन आठवड्यांनी तो परत उभा राहिला तेव्हा न्यायालयातील लोकांना तो ओळखू येईना, इतका पालटला होता. न्यायाधीशांनी त्याला एक सेंट दंड केला आणि न्यायालयाचा खर्च भरायला सांगितला.

पुढची सुमारे अठरा वर्षे, म्हणजे १८५९ मध्ये मृत्यू येईपर्यंत, ऑगस्टस यांनी हेच काम केले. त्यांनी जामीन घेतलेल्या स्त्री-पुरुषांची आणि मुलांची संख्या १,९४६ भरली. यात भाबडेपणा नव्हता. समोरच्या माणसाचे पूर्वचारित्र्य कसे, वय काय, सुटल्यावर तो कोणत्या संगतीत राहणार, याची ते आधी चौकशी करीत. सुटलेल्याला काम किंवा मुलाला शाळा मिळवून देत, त्याच्या वागणुकीवर लक्ष ठेवीत आणि न्यायालयाला निःपक्षपाती अहवाल देत. आधी चौकशी, मग देखरेख, शेवटी अहवाल. आजच्या परिवीक्षा अधिकाऱ्याच्या कामाची चौकट याहून फारशी निराळी नाही.

या कामाचे स्वागत झाले, असे मात्र समजू नये. प्रत्येक कैदी तुरुंगात पोचवण्याबद्दल न्यायालयातील शिपायांना मेहनताना मिळत असे. ऑगस्टस एकेक माणूस सोडवू लागले तशी त्यांची मिळकत बुडू लागली, आणि त्यांच्याकडून होणारा त्रास ऑगस्टस यांना सोसावा लागला. त्यांच्या स्वतःच्या धंद्याचीही हेळसांड झाली. पदरचा पैसा आणि काही उदार लोकांच्या देणग्या यांवर हे कार्य चालले. त्यांच्या मृत्यूनंतर जवळजवळ वीस वर्षांनी, १८७८ मध्ये, मॅसॅच्युसेट्स राज्याने कायदा करून बॉस्टनसाठी पगारी परिवीक्षा अधिकारी नेमण्याची तरतूद केली.

इंग्लंडमध्येही सुरुवात एका सामान्य माणसाकडूनच झाली. हर्टफर्डशरमधील मुद्रक फ्रेडरिक रेनर यांनी १८७६ मध्ये इंग्लंडच्या चर्चच्या मद्यपाननिषेध संस्थेला पत्र लिहिले. एकदा पाऊल घसरलेला माणूस पोलीस न्यायालयात पुनःपुन्हा येत राहतो आणि त्याला सावरायला तेथे कोणी नसते, ही त्यांची खंत होती. पत्रासोबत त्यांनी पाच शिलिंग पाठवले. त्या पाच शिलिंगांतून ‘पोलीस न्यायालय मिशन’ उभे राहिले. संस्थेने लंडनच्या न्यायालयांत आपला सेवक नेमला. हळूहळू इतर शहरांतही असे सेवक दिसू लागले. न्यायाधीश त्यांच्यावर विसंबू लागले.

१८८७ मध्ये ब्रिटिश पार्लमेंटने प्रथमच गुन्हा करणाऱ्यांसाठी कायदा केला. परंतु त्यात देखरेखीची सोयच नव्हती. माणूस सुटे, पण त्याच्यासोबत चालणारे कोणी नसे. ही उणीव १९०७ च्या कायद्याने भरून काढली. त्या कायद्याने अधिकाऱ्याचे कर्तव्य तीन क्रियापदांत सांगितले: सल्ला देणे, साहाय्य करणे आणि मैत्री करणे. राज्यसत्तेने आपल्या नोकराला ‘मैत्री कर’ अशी आज्ञा करावी, ही कायद्याच्या इतिहासातील विलक्षण गोष्ट म्हटली पाहिजे.

आपल्याकडे १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेतील कलम ५६२ ने प्रथम गुन्हेगाराला मुचलक्यावर सोडण्याची मुभा दिली. पण इंग्लंडच्या १८८७ च्या कायद्यातील उणीव येथेही होतीच. पुढे प्रांतांनी आपापले कायदे केले. मध्य प्रांत व वऱ्हाडाने १९३६ मध्ये, तर मुंबई प्रांताने १९३८ मध्ये. मुंबईत १९३६ साली समाजकार्याचे शिक्षण देणारी संस्था सुरू झाली होती. तीच पुढे टाटा समाजविज्ञान संस्था म्हणून ओळखली जाऊ लागली. त्यामुळे या कामासाठी शिकलेली माणसे मिळण्याची सोय झाली. अखेर १९५८ मध्ये संसदेने ‘अपराधी परिवीक्षा अधिनियम’ संमत केला. २०२४ च्या जुलैमध्ये नव्या फौजदारी संहिता लागू झाल्यानंतरही तो टिकून आहे.

देहान्त किंवा जन्मठेपेची शिक्षा नसलेल्या गुन्ह्यांत, परिस्थिती आणि चारित्र्य पाहून, न्यायालय दोषी व्यक्तीला जास्तीत जास्त तीन वर्षांच्या मुचलक्यावर सोडू शकते. एकवीस वर्षांखालील अपराध्याचा गुन्हा तुरुंगवासास पात्र, पण जन्मठेपेचा नसेल, तर त्याला तुरुंगात पाठवण्यापूर्वी परिवीक्षा अधिकाऱ्याचा अहवाल मागवणे बंधनकारक आहे. तरीही कैदेचीच शिक्षा द्यायची असेल तर न्यायाधीशांनी कारणे लिहावी लागतात. ज्याचे नुकसान झाले त्याचाही विसर कायद्याला पडलेला नाही. अपराध्याने भरपाई द्यावी असा आदेश न्यायालय देऊ शकते. म्हणजे परिवीक्षा ही निव्वळ माफी नव्हे. अटी मोडल्या तर मूळ गुन्ह्याची शिक्षा पुढे उभीच असते.

या कायद्याच्या कलम १४ मध्ये अधिकाऱ्याची कर्तव्ये दिली आहेत. चौकशी आहे, देखरेख आहे, काम मिळवून देण्याची खटपट आहे, सल्ला आहे, साहाय्य आहे. १९०७ च्या इंग्रजी कायद्यातील तिसरे क्रियापद मात्र त्या कलमात नाही. मैत्री तेवढी गळली आहे.

ही उणीव केवळ शब्दाची आहे काय? अधिकारी अहवाल लिहितो तो घरच्यांना, शेजाऱ्यांना, मालकाला आणि शिक्षकांना विचारून. तो चौकशीला आला की दारे अर्धवट लागतात. काहीजण जुना राग काढतात, काहीजण नको ती भानगड म्हणून गप्प बसतात. अहवाल गोपनीय असतो. तरी तो खरा व्हायचा तर सांगणाऱ्याने खरे सांगावे लागते. ज्या मुलाविषयी चांगले बोलायला गावात एकही माणूस पुढे येत नाही, त्याच्याविषयी अधिकाऱ्याने काय लिहावे?

कलम १२ प्रमाणे परिवीक्षेवर सुटलेल्याला त्या दोषसिद्धीमुळे कोणतीही कायदेशीर अपात्रता चिकटत नाही. कायदा त्याचा डाग पुसतो. गाव पुसतेच असे नाही. नोकरीच्या वेळी, सोयरिकीच्या वेळी, साध्या भांडणातही तो डाग पुन्हा दाखवला जातो. अशा वेळी अधिकाऱ्याने महिन्यातून एकदा येऊन केलेली विचारपूस किती पुरणार?

हे कार्य सरकारने एकट्याने करावे, असे १९५८ च्या कायद्यालाही अभिप्रेत नव्हते. शासनाने मान्यता दिलेली एखादी संस्था परिवीक्षा अधिकारी पुरवू शकते, अशी तरतूद कलम १३ मध्ये आहे. ज्या वाटेने मुद्रक आणि बूट करणारा न्यायालयात शिरले, ती वाट कायद्याने बुजवलेली नाही. आपल्या धर्मग्रामांत दवाखाने, वसतिगृहे, शाळा चालवणारी माणसे आहेत. दुकाने, वाड्या, बोटी असलेली कुटुंबे आहेत. मुचलक्यावर सुटून आलेल्या एखाद्या विशीतल्या मुलाला कोणी कामावर ठेवले, संध्याकाळी घरी बोलावून जेवू घातले, तर कायद्यातून गळलेले ते क्रियापद तेथे पुन्हा लिहिले जाईल. त्यासाठी संसदेच्या दुरुस्तीची वाट पाहण्याचे कारण नाही.