याच पिढीत

कोल्हापुरातील वायल्डर मेमोरियल चर्चचे नाव आपणांस परिचित आहे. पण त्या नावाचा जगाच्या अंताविषयीच्या एका जुन्या वादाशी संबंध आहे, हे फारसे कोणाच्या मनात येत नाही. आम्हांसही ते उशिराच, वाचता वाचता कळले.

रॉयल गूल्ड वायल्डर हे अमेरिकन मिशनरी 1852 मध्ये कोल्हापुरात आले. त्यांचा मुलगा रॉबर्ट 1863 मध्ये येथेच जन्मला. पुढे 1886 च्या उन्हाळ्यात अमेरिकेतील माउंट हर्मन येथे विद्यार्थ्यांचे शिबिर भरले. तेथे रॉबर्टच्या खटपटीने शंभर तरुण परदेशी मिशनकार्यास सिद्ध झाले. त्यातूनच 1888 मध्ये विद्यार्थी स्वयंसेवक चळवळ उभी राहिली. साऱ्या जगाला शुभवर्तमान सांगायचे आणि तेही याच पिढीत, ही तिची घोषणा होती.

पिढीचीच मुदत का? याचे मूळ पुष्कळांना मत्तयाच्या चोविसाव्या अध्यायात दिसले. तेथे जैतुनांच्या डोंगरावर शिष्य येशूला शेवटाची चिन्हे विचारतात. येशू युद्धे, दुष्काळ व भूकंप सांगतो. पण हा केवळ प्रारंभ होय, असे बजावतो. शुभवर्तमान सर्व राष्ट्रांत पोचले की मग शेवट येईल, असे तो म्हणतो. ही पिढी सरण्यापूर्वी सारे घडेल, असेही म्हणतो. आणि लगोलग, तो दिवस व ती घटका पित्यावाचून कोणासही ठाऊक नाही, असे सांगून मोकळा होतो!

या वचनांचे अर्थ अनेकांनी अनेक प्रकारे लावले. काहींच्या मते ते भाकीत इ. स. 70 मध्येच खरे झाले. त्या वर्षी टायटसच्या रोमन सैन्याने यरुशलेम घेतले व तेथील मंदिर धुळीस मिळवले. लूकच्या शुभवर्तमानात तर शहराला पडणाऱ्या सैन्याच्या वेढ्याचा स्पष्ट उल्लेख आहे. दुसरे म्हणतात, ‘पिढी’ म्हणजे ती चिन्हे पाहणारी, पुढे केव्हातरी येणारी पिढी. तिसऱ्यांना वाटले, वार्ता लवकर पोचवली तर शेवटही लवकर येईल. वरील घोषणेशी ज्यांचे नाव जोडले जाते ते आर्थर पिअर्सन या विचाराकडे झुकलेले होते. जर्मनीच्या गुस्ताव वार्नेक यांनी या घाईवर टीका केली. तेव्हा चळवळीचे पुढारी जॉन मॉट यांनी 1900 मध्ये पुस्तक लिहून खुलासा केला, की ही घोषणा म्हणजे भाकीत नव्हे. ते आमचे कर्तव्य आहे.

हा खुलासा वाचताना आम्ही थबकलो. आमचे आयुष्य कामगारांच्या गेटसभांत गेले. एका लांबलेल्या संपात आम्ही छातीठोकपणे सांगितले होते, ‘दिवाळीपूर्वी निकाल लागेल.’ दिवाळी आली आणि गेली. निकाल लागला नाही. त्यानंतर सभेला माणसे येत, पण आमच्या तोंडाकडे पाहीनात. मागणी न्याय्य होती. चूक आमच्या तारखेची होती. कर्तव्याची घोषणा आम्ही भविष्य म्हणून विकली होती.

म्हणून त्या अध्यायाचा शेवट आम्हांला मोलाचा वाटतो. आकाशातील चिन्हे सांगून झाल्यावर येशू एका कारभाऱ्याचा दृष्टांत देतो. धन्याने त्याच्याकडे इतर चाकरांना वेळेवर अन्न देण्याचे काम सोपवलेले असते. धनी यायला उशीर लावतो आहे असे पाहून वाईट कारभारी सोबतच्या चाकरांना मारू लागतो. त्याला शासन होते ते याबद्दल. धनी कोणत्या दिवशी येणार हे न ओळखल्याचा जाब चांगल्या कारभाऱ्याला कोणी विचारत नाही. पुढच्याच अध्यायात न्यायाच्या दिवसाचे चित्र आहे. तेथेही विचारणा होते ती भुकेल्याला अन्न दिले काय, आणि उघड्याला वस्त्र दिले काय, हीच.

रॉबर्ट वायल्डर 1938 मध्ये वारले. त्यांची पिढी सरली, आमचीही सरत आली आहे. शेवटाची तारीख अजून कोणाच्या हाती लागलेली नाही. चाकरांना वेळेवर अन्न मिळते की नाही, हे मात्र आजही कोणालाही जाऊन पाहता येते.