वसई-विरारमधील मोटारचालन प्रशिक्षण

वसई-विरारमधील मोटारचालन प्रशिक्षण म्हणजे महाराष्ट्राच्या पालघर जिल्ह्यातील वसई-विरार शहरात व परिसरातील गावांत हाताने गिअर बदलण्याची मोटारगाडी चालविण्याचे दिले जाणारे शिक्षण होय. क्लच, ब्रेक व ॲक्सिलरेटर ही पायांनी चालवावयाची तीन साधने, डाव्या हाताने बदलावयाचा गिअर आणि उजव्या बाजूचे सुकाणूचक्र यांचा मेळ घालणे हा या शिक्षणाचा गाभा आहे. भारतात मोटारचालनाचे नियमन मोटार वाहन अधिनियम, १९८८ आणि केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांनुसार होते. वसई तालुक्यातील वाहनांची नोंदणी एमएच-४८ या मालिकेत होते.

पार्श्वभूमी

भारतात मोटार वाहनांसंबंधीचा पहिला अखिल भारतीय कायदा १९१४ मध्ये झाला. त्याची जागा १९३९ च्या कायद्याने व पुढे १९८८ च्या कायद्याने घेतली. १९८८ चा कायदा १ जुलै १९८९ पासून अंमलात आला.

स्वातंत्र्योत्तर काळात मुंबई व परिसरात मोटार शिकणाऱ्यांच्या हाती प्रामुख्याने ॲम्बॅसेडर आणि कुर्ला येथील कारखान्यात बनणारी फियाट, म्हणजेच नंतरची प्रीमिअर पद्मिनी, या गाड्या येत. पद्मिनीचा गिअरदांडा सुकाणूचक्राखालील खांबाला जोडलेला असे. डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० बाजारात आली. तिचा दांडा दोन आसनांमध्ये, जमिनीलगत होता. गाडी लहान व हलकी असल्याने प्रशिक्षणासाठी ती सोयीची ठरली आणि पुढे अनेक वर्षे प्रशिक्षण संस्थांची नेहमीची गाडी झाली.

वसई, विरार, नालासोपारा आणि नवघर-माणिकपूर या चार नगरपरिषदा व लगतच्या ग्रामपंचायती एकत्र करून ३ जुलै २००९ रोजी वसई-विरार शहर महानगरपालिका स्थापन झाली. २०११ च्या जनगणनेनुसार शहराची लोकसंख्या सुमारे १२ लाख २२ हजार होती. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्याचे विभाजन होऊन पालघर जिल्हा अस्तित्वात आला. वसईसाठी स्वतंत्र परिवहन कार्यालय होण्यापूर्वी येथील वाहने ठाण्याच्या एमएच-०४ या मालिकेत नोंदविली जात.

गिअर व क्लचची रचना

मोटारीचे इंजिन चालू असताना पूर्ण थांबू शकत नाही. गाडी उभी असतानाही ते मिनिटाला काही शे फेरे घेत असते. उभ्या चाकांशी ते थेट जोडल्यास बंद पडेल. म्हणून इंजिन आणि गिअरपेटी यांच्यामध्ये क्लच बसवलेला असतो. क्लचची तबकडी इंजिनाच्या गतिपालक चक्रावर कमानीच्या दाबाने घट्ट बसते. पेडल दाबल्यावर हा दाब सुटतो आणि इंजिन चाकांपासून वेगळे होते. पेडल सावकाश सोडताना तबकडी प्रथम घासत फिरते व नंतर पूर्ण पकड घेते. या मधल्या अवस्थेला बोलीत ‘हाफ क्लच’ म्हणतात.

गिअरपेटीतील दातेरी चक्रांच्या जोड्यांमुळे इंजिनाचा वेग आणि चाकांचा वेग यांचे गुणोत्तर बदलते. पहिल्या गिअरमध्ये चाके सावकाश फिरतात, परंतु ओढ सर्वाधिक मिळते. वरच्या गिअरमध्ये वेग वाढतो व ओढ कमी होते. सायकलने चढ चढताना आणि सपाटीवर जाताना होणारा गिअरबदल याच तत्त्वावर चालतो.

सरकत्या दातेरी चक्रांची पेटी फ्रान्समध्ये पानार व लव्हासोर यांच्या मोटारीत १८९० च्या दशकात वापरात आली. या जुन्या पेट्यांत चक्रांचे वेग चालकालाच जुळवावे लागत. त्यासाठी क्लच दोनदा दाबावा लागे. १९२८ मध्ये कॅडिलॅक कंपनीने वेग आपोआप जुळविणारी यंत्रणा आणली. आजच्या मोटारींत पुढे जाण्याच्या सर्व गिअरना ही यंत्रणा असल्याने शिकाऊ चालकास दुहेरी क्लच शिकावा लागत नाही. अनेक गाड्यांत रिव्हर्स गिअरला मात्र ती नसते. म्हणून गाडी पूर्ण थांबविल्यावरच रिव्हर्स टाकण्यास शिकवले जाते.

प्रशिक्षणाचे टप्पे

पहिल्या दिवसांत आसन, आरसे व पट्टा जुळविणे आणि पायांची जागा ओळखणे यांवर भर असतो. डावा पाय केवळ क्लचसाठी असतो. उजवा पाय ब्रेक आणि ॲक्सिलरेटर या दोहोंसाठी असल्याने ही दोन्ही पेडले एकाच वेळी दाबली जात नाहीत. इंजिन सुरू करण्यापूर्वी गिअर न्यूट्रलमध्ये असल्याची खात्री दांडा डावी-उजवीकडे हलवून केली जाते.

गाडी हलविणे हा शिकणाऱ्यास सर्वांत अवघड वाटणारा टप्पा होय. क्लच पूर्ण दाबून पहिला गिअर टाकल्यावर पेडल सावकाश वर आणले जाते. इंजिनाचा आवाज किंचित खाली येतो आणि गाडीत हलकी थरथर जाणवते. हीच पकडीची जागा होय. तेथे पाय क्षणभर स्थिर ठेवून ॲक्सिलरेटर हळूच दिल्यास गाडी धक्का न बसता निघते. पेडल एकदम सोडल्यास गाडी उडी मारून बंद पडते. सपाट जागेवर ॲक्सिलरेटरला पाय न लावता केवळ क्लचवर गाडी हलविण्याचा सराव वारंवार केल्यास ही जागा पायाला समजते. प्रत्येक गाडीत ती थोडी वेगळी असते. त्यामुळे संस्थेची गाडी सोडून घरची गाडी हाती घेतल्यावर अनुभवी शिकाऊ चालकाचीही गाडी बंद पडते.

गिअर बदलताना ॲक्सिलरेटर सोडणे, क्लच दाबणे, दांडा सरकवणे आणि क्लच सोडणे असा क्रम असतो. नजर रस्त्यावरच ठेवावी लागते. गिअर कधी बदलावा हे वेगमापकापेक्षा इंजिनाच्या आवाजावरून ओळखण्यास शिकवले जाते. वरच्या गिअरमध्ये वेग कमी झाल्यास इंजिन गचके देते. खालच्या गिअरमध्ये वेग वाढल्यास ते ओरडते.

थांबतानाचा क्रम नवशिक्याकडून बहुधा उलटा होतो. घाबरून आधी क्लच दाबल्यास इंजिनाचा अवरोध नाहीसा होतो आणि गाडी मोकळी धावते. म्हणून वेग असताना आधी ब्रेक आणि गाडी थांबण्याच्या बेतात असताना क्लच, असे शिकवले जाते. उताराला गाडी न्यूट्रलमध्ये सोडणे याच कारणाने धोक्याचे आहे.

चढावर गाडी मागे न घसरता पुढे नेण्यासाठी हातब्रेक ओढून ठेवला जातो. क्लच पकडीच्या जागेवर आणून व थोडा ॲक्सिलरेटर देऊन, गाडीचे नाक किंचित वर उचलले जाताच हातब्रेक सोडला जातो. हातब्रेकऐवजी क्लचवरच गाडी चढावर धरून ठेवल्यास तबकडी तापते, जळका वास येतो आणि तिचे आयुष्य घटते.

परिसराचे स्वरूप

वसई-विरारच्या दक्षिणेस वसईची खाडी, उत्तरेस वैतरणा नदी, पश्चिमेस अरबी समुद्र आणि पूर्वेस तुंगारेश्वरचे डोंगर आहेत. पश्चिम रेल्वेचा मार्ग शहराचे पूर्व व पश्चिम असे दोन भाग करतो. या रचनेमुळे शिकणाऱ्याला थोड्या अंतरात भिन्न प्रकारचे रस्ते भेटतात.

पश्चिमेकडील आगाशी, अर्नाळा, निर्मळ, भुईगाव, गिरीज, सांडोर या गावांतील रस्ते वाड्या, विहिरी व घरांच्या कुंपणांमधून वळणे घेत जातात. समोरून बस आल्यास एका गाडीला मागे सरून वाट द्यावी लागते. येथे रिव्हर्स, आरशांचा उपयोग आणि हाफ क्लचवरील संथ चाल यांचा कस लागतो. आंधळ्या वळणांवर हॉर्न देऊन दुसऱ्या गिअरमध्ये जाणे योग्य ठरते.

नालासोपारा आणि वसई रोड स्थानकांच्या परिसरात पादचारी, रिक्षा व दुचाकी यांची दाटी असते. वारंवार थांबत चालावे लागत असल्याने क्लचवर पाय सतत टेकवून ठेवण्याची सवय येथेच जडते. थांबा लांबल्यास न्यूट्रल करून पाय काढणे हा त्यावरचा उपाय होय.

किनारपट्टीचा भाग जवळजवळ सपाट असल्याने चढाचा सराव करण्यास जागा थोड्या आहेत. रेल्वेमार्गावरील उड्डाणपूल हाच येथील बहुतेक शिकाऊ चालकांना भेटणारा पहिला चढ होय आणि तोही मागे वाहनांची रांग असताना. ठाण्याकडे जाताना घोडबंदर मार्गावरील गायमुखचा घाट ही याच कौशल्याची पुढची परीक्षा ठरते.

शहराच्या पूर्वेकडून मुंबई-अहमदाबाद राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ४८ जातो. पूर्वी तो क्रमांक ८ म्हणून ओळखला जाई. अवजड वाहनांची सततची ये-जा, मार्गिका बदलणे आणि वेगाचा अंदाज या गोष्टी गल्लीतील सरावातून येत नाहीत. त्यामुळे महामार्गाचा सराव अनुभवी व्यक्ती शेजारी असतानाच व प्रशिक्षणाच्या शेवटच्या टप्प्यात करणे इष्ट मानले जाते.

समुद्रकिनाऱ्यावरील मोकळी वाळू सरावासाठी योग्य नाही. मऊ वाळूत चाके रुततात, क्लच जळतो आणि भरतीचे पाणी वाढू लागल्यास गाडी बाहेर काढणे अशक्य होते.

पावसाळ्यातील चालन

जुलै २०१८ मधील अतिवृष्टीत वसई-विरारचा मोठा भाग पाण्याखाली गेला आणि रेल्वेवाहतूक बंद पडली. अशा प्रदेशात पावसाळी चालन हा शिक्षणाचा आवश्यक भाग ठरतो. पाण्याची खोली ठाऊक नसल्यास गाडी पाण्यात घालू नये. उथळ पाण्यातून जावेच लागल्यास पहिल्या गिअरमध्ये, एकसारख्या संथ गतीने, मध्येच गिअर न बदलता जावे. पाण्यात इंजिन बंद पडल्यास ते पुन्हा सुरू करू नये. हवेच्या नळीतून आत गेलेले पाणी दाबले जात नसल्याने इंजिनाचे दांडे वाकतात. पाण्यातून बाहेर आल्यावर ब्रेक हलके दाबून कोरडे करून घ्यावे लागतात.

अनुज्ञप्ती

मोटार चालविण्याच्या अनुज्ञप्तीसाठी, म्हणजेच लायसन्ससाठी, वयाची १८ वर्षे पूर्ण असावी लागतात. प्रथम शिकाऊ अनुज्ञप्ती मिळते. त्यासाठी वाहतुकीची चिन्हे व नियम यांवरील चाचणी द्यावी लागते. उत्तीर्ण होण्यास ६० टक्के उत्तरे बरोबर असणे आवश्यक आहे. २०२१ पासून महाराष्ट्रात ही चाचणी आधार क्रमांकाच्या साहाय्याने घरूनही देता येते.

शिकाऊ अनुज्ञप्तीची मुदत सहा महिने असते. या काळात वैध अनुज्ञप्ती असलेली व्यक्ती, गाडी थांबविता येईल अशा रीतीने, शेजारी बसलेली असणे बंधनकारक आहे. गाडीच्या पुढे व मागे पांढऱ्या पार्श्वभूमीवर लाल रंगातील ‘एल’ हे अक्षर लावावे लागते. शिकाऊ अनुज्ञप्ती मिळाल्यानंतर किमान ३० दिवसांनी पक्क्या अनुज्ञप्तीची चाचणी देता येते. ती मोटार वाहन निरीक्षक घेतात. सुरुवात, वळण, इशारे, चढावरून निघणे, मर्यादित जागेत मागे घेणे आदी बाबी त्यात पाहिल्या जातात.

हलक्या मोटार वाहनाची अनुज्ञप्ती ७,५०० किलोग्रॅमपर्यंतच्या वाहनांना लागू होते. अशी अनुज्ञप्ती असणारा त्या वजनापर्यंतचे परिवहन वाहनही चालवू शकतो, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ६ नोव्हेंबर २०२४ रोजी दिला. टेम्पो व टॅक्सी यांवर उपजीविका करणाऱ्यांच्या दृष्टीने हा निर्णय महत्त्वाचा आहे.

प्रशिक्षण संस्था

मोटारचालन शिकविणाऱ्या संस्थेस परिवहन कार्यालयाचा परवाना लागतो. प्रशिक्षणाच्या गाडीत प्रशिक्षकाकडेही नियंत्रणाची सोय असावी लागते. सामान्यतः त्याच्या पायाशी ब्रेक व क्लचची स्वतंत्र पेडले असतात. नियमांनुसार खासगी वापराच्या मोटारीसाठी प्रशिक्षण किमान २१ दिवसांचे असावे आणि त्यात प्रत्यक्ष चालन किमान १० तास व्हावे. २०२१ मध्ये मान्यताप्राप्त चालक प्रशिक्षण केंद्रांची तरतूद झाली. त्यांचा हलक्या वाहनांचा अभ्यासक्रम २९ तासांचा असून त्यांपैकी २१ तास प्रात्यक्षिकांसाठी आहेत. तेथे उत्तीर्ण झालेल्यास परिवहन कार्यालयातील चालनचाचणीतून सूट मिळते.

प्रवेश घेताना दर दिवशी प्रत्यक्ष किती मिनिटे गाडी हाती मिळेल, हे विचारून घेणे विद्यार्थ्याच्या हिताचे असते. एकाच फेरीत तीन-चार शिकाऊंना बसविल्यास २१ दिवस पूर्ण होतात, परंतु १० तास पूर्ण होत नाहीत. दुहेरी नियंत्रणाच्या गाडीत क्लच नेमका कोणाच्या पायाने दबतो आहे, हेही लक्षात घ्यावे लागते. प्रशिक्षकाच्या साहाय्याने सहज निघणारी गाडी एकट्याने चालविताना बंद पडते, त्यामागे बहुधा हेच कारण असते.

सुरक्षितता

४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यातील चारोटीजवळ, सूर्या नदीच्या पुलावर झालेल्या मोटार अपघातात उद्योगपती सायरस मिस्त्री व त्यांच्या शेजारील सहप्रवासी यांचा मृत्यू झाला. दोघेही मागच्या आसनावर होते व त्यांनी पट्टा लावलेला नव्हता, असे पोलिसांनी सांगितले. मागील प्रवाशांसाठीही पट्टा बंधनकारक असल्याच्या नियमाकडे या घटनेने देशाचे लक्ष वेधले.

अल्पवयीन मुलाच्या हाती गाडी देणे हा २०१९ च्या दुरुस्तीनंतर पालकाचा किंवा वाहनमालकाचा अपराध ठरतो. अल्पवयीनाकडून गुन्हा घडल्यास त्यांना तीन वर्षांपर्यंत कारावास व २५ हजार रुपये दंड होऊ शकतो, वाहनाची नोंदणी १२ महिन्यांसाठी रद्द होते आणि त्या मुलास वयाच्या २५ वर्षांपर्यंत अनुज्ञप्ती मिळत नाही.

स्वयंचलित गिअर आणि प्रशिक्षणाचे महत्त्व

२०१४ मध्ये मारुती सेलेरिओ या मोटारीतून क्लच व गिअर यंत्राने बदलणारी स्वस्त पद्धत भारतात आली. त्यानंतर क्लचचे पेडल नसलेल्या गाड्यांचे प्रमाण वाढत गेले. विजेवर चालणाऱ्या मोटारींना तर सामान्यतः गिअर बदलावे लागतच नाहीत.

भारतात दुचाकीसाठी ‘गिअरसह’ व ‘गिअरविना’ असे अनुज्ञप्तीचे दोन प्रकार आहेत. मोटारीच्या बाबतीत असा भेद नाही. परिणामी, केवळ स्वयंचलित मोटार चालविलेल्या व्यक्तीसही हस्तचलित गिअरची मोटार रस्त्यावर आणण्यास कायद्याची आडकाठी नाही. कौशल्य आणि अनुज्ञप्ती यांतील हे अंतर भरून काढण्याची जबाबदारी चालकावर राहते. भाड्याच्या, कार्यालयाच्या व मालवाहू वाहनांत हस्तचलित गिअर अद्याप मोठ्या प्रमाणावर आहे. तसेच अडचणीच्या प्रसंगी रुग्णास हलविण्यासाठी शेजाऱ्याची गाडी हाती घ्यावी लागल्यास तिला क्लच असेलच, हे गृहीत धरावे लागते.

हेही पाहा

वसई-विरार शहर महानगरपालिका
पालघर जिल्हा
मोटार वाहन अधिनियम, १९८८
राष्ट्रीय महामार्ग ४८
क्लच