कोंबडीचं औषध, माणसाचं औषध

आपल्यापैकी अनेकींच्या दारात कोंबड्या आहेत, गोठ्यात गाय-म्हैस आहे. म्हणून आज कोलिस्टिन या औषधाची गोष्ट ऐकू या.

जंतू मारणारं हे औषध १९५०च्या सुमारास जपानमध्ये सापडलं. माणसाच्या मूत्रपिंडांना त्याचा त्रास व्हायचा, म्हणून १९७०नंतर डॉक्टरांनी ते जवळजवळ बाजूला ठेवलं. कोंबड्या-डुकरांच्या खाद्यात मात्र ते अनेक देशांत चालूच राहिलं. आजार नसतानाही, वजन लवकर वाढावं म्हणून. पुढे इतर औषधांना जंतू दाद देईनासे झाले, तेव्हा डॉक्टरांना हेच जुनं औषध पुन्हा हाती घ्यावं लागलं. अत्यवस्थ रुग्णासाठी तो शेवटचा उपाय ठरला.

२०१५ साली चीनमधल्या शास्त्रज्ञांनी सांगितलं, की डुकरांच्या अंगातले काही जंतू कोलिस्टिनलाही पुरून उरतात. शेजारणीला विरजण द्यावं, तसा हा गुण एक जंतू दुसऱ्याला देतो. माणसांमध्येही असे जंतू सापडले. जुलै २०१९मध्ये भारत सरकारने कोंबड्या, मासे आणि अन्नासाठी पाळलेल्या इतर जनावरांसाठी कोलिस्टिन बनवायला व विकायला बंदी केली.

ही बंदी एका औषधावर आली. बाकीची आपल्या हातात आहेत. पशुवैद्यकाला विचारल्याशिवाय अँटिबायोटिक द्यायचं नाही. दिलेला डोस अर्धवट सोडायचा नाही. इंजेक्शननंतर त्यांनी सांगितलेले दिवस ते दूध डेअरीला घालायचं नाही, घरच्या मुलांनाही द्यायचं नाही. उद्या लेकरू आजारी पडलं, तर औषध लागू पडायला हवं ना?