तीन शिखरं, आणि एक जास्तीचं

पोस्ट थोडी मोठी आहे. पण विषय तुमच्या-माझ्या घरातल्या औषधाच्या बाटलीपर्यंत येतो, म्हणून शेवटपर्यंत वाचा.

एम.एस्सी.ला असताना आम्हाला एनएमआर शिकवला तो तक्ता पाठ करण्यापुरता. कुठला हायड्रोजन कुठल्या आकड्याला दिसतो, लिहा आणि मार्क घ्या. यामागे माणसं कोण होती हे कुणी सांगितलं नाही, आणि खरं सांगायचं तर आम्हीही विचारलं नाही. बऱ्याच वर्षांनी १९५१ सालचा एक छोटासा शोधनिबंध वाचनात आला. लेखक तिघे : अर्नोल्ड, धर्मट्टी, पॅकार्ड. मधल्या नावावर मी थांबलो. हे तर आपल्याकडचं नाव!

झालं होतं असं. १९४५-४६च्या सुमारास अमेरिकेत स्टॅनफर्डला फेलिक्स ब्लॉख आणि हार्वर्डला एडवर्ड पर्सेल, दोघांनी स्वतंत्रपणे एक गोष्ट दाखवली. हायड्रोजनचं अणुकेंद्र म्हणजे जणू एक इवलंसं चुंबक. ते मोठ्या चुंबकात ठेवलं की ठरावीक रेडिओलहरीला साद देतं. दोघांना १९५२चं नोबेल मिळालं. भौतिकशास्त्रज्ञांना या केंद्रांचं चुंबकत्व अगदी अचूक मोजायचं होतं, बाकी काही नाही.

पण १९५०मध्ये स्टॅनफर्डलाच प्रॉक्टर आणि यू यांनी अमोनियम नायट्रेट तपासलं, तर नायट्रोजनच्या एका सादेऐवजी दोन आल्या. केंद्र तेच, उत्तरं दोन! मोजणाऱ्यांची पंचाईत झाली. कारण असं, की अणूभोवतीचे इलेक्ट्रॉन केंद्राला थोडा आडोसा देतात, आणि शेजारी कोण आहे त्यावर तो आडोसा कमी-जास्त होतो. भौतिकशास्त्राला जो अडथळा वाटला, तोच रसायनशास्त्राचा खजिना निघाला.

मग आला १९५१चा तो निबंध. साधं इथाइल अल्कोहोल. त्याच्या रेणूत सहा हायड्रोजन : एक ऑक्सिजनला चिकटलेला, दोन मधल्या कार्बनवर, तीन टोकाच्या कार्बनवर. आलेखात शिखरंही तीन, आणि त्यांची क्षेत्रफळं एकास दोन, दोनास तीन अशी. रसायनशास्त्रज्ञ जी रचना कागदावर काढत आले होते, ती रेणू न मोडता, नमुना न जाळता समोर दिसली.

त्यातले एस. एस. धर्मट्टी पुढे मुंबईला टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आले आणि त्यांनी तिथं एनएमआरचं काम उभं केलं. संस्था तेव्हा कुलाब्याच्या आजच्या इमारतीत नव्हती, गेटवेजवळच्या जुन्या यॉट क्लबात होती. आपल्यापैकी किती जणांनी हे नाव ऐकलंय?

पण मी हे नुसत्या अभिमानासाठी लिहीत नाहीये. मुद्दा पुढे आहे.

२००७-०८मध्ये अमेरिकेत डायलिसिसचे आणि हृदयशस्त्रक्रियेचे रुग्ण अचानक कोसळू लागले. रक्तदाब एकदम खाली, श्वास लागलेला. अनेक जण दगावले. संशय हेपॅरिनवर गेला. रक्त गोठू नये म्हणून देतात ते हे औषध. ते डुकराच्या आतड्यापासून बनतं आणि त्याचा कच्चा माल चीनमधून आला होता. गंमत बघा, माल नेहमीच्या चाचणीत पास झालेला! कारण चाचणी एवढंच विचारायची : रक्त गोठणं थांबतं का? भेसळीचा पदार्थही ते काम थोडंफार करायचा.

एनएमआरमध्ये मात्र चोरी उघडी पडली. हेपॅरिनचं एक शिखर २.०४ला येतं. या मालात शेजारी, २.१५ला, आणखी एक उभं होतं. तो निघाला ओव्हरसल्फेटेड कॉन्ड्रॉइटिन सल्फेट, स्वस्तातला, मुद्दाम रसायनं वापरून बनवलेला. मार्च २००८मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने हेपॅरिनसाठी एनएमआरची तपासणी पुढे आणली, आणि नंतर ती तिथल्या औषधसंहितेत आली.

आता आपल्याकडे या. १९८६च्या सुरुवातीला मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात ग्लिसरीन दिलेले १४ रुग्ण गेले. ग्लिसरीनमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल होतं. दोन्ही पारदर्शक, घट्टसर, गोडसर. डोळ्यांना फरक कळत नाही. न्यायमूर्ती लेंटिन आयोग बसला आणि त्याने खरेदीपासून तपासणीपर्यंतची सगळी लक्तरं वेशीवर टांगली. हे विष पकडायला एनएमआरचीसुद्धा गरज नव्हती, साधी क्रोमॅटोग्राफी पुरते. आणि २०२५मध्ये? छिंदवाड्याची लेकरं खोकल्याच्या औषधाने किडन्या निकामी होऊन नागपूरच्या रुग्णालयांत आली. विष तेच. डायएथिलीन ग्लायकॉल.

म्हणजे चुका दोन प्रकारच्या. हेपॅरिनमध्ये चाचणी झाली, पण प्रश्न चुकीचा विचारला. जे. जे.मध्ये योग्य वेळी प्रश्नच विचारला गेला नाही. पहिली चूक यंत्राने सुधारता येते. दुसरी नाही. करोडोंचं यंत्र आणून ठेवलं, पण पिंपातला नमुना त्याच्यापर्यंत पोहोचलाच नाही, तर त्याचा उपयोग काय?

म्हणून पुढच्या वेळी कुणी पुढारी प्रयोगशाळेची फीत कापायला आला, तर टाळ्या जरूर वाजवा. पण एवढं विचारा : साहेब, कच्च्या मालाचं प्रत्येक पिंप तपासलं जातं का? कोण तपासतं? किती औषध निरीक्षक आहेत, आणि किती जागा रिकाम्या आहेत? अहवाल आम्हाला बघायला मिळतो का?

“माल बरोबर आहे ना?” एवढ्यावर भागत नाही. “यात काय काय आहे?” हे विचारावं लागतं. १९५१मध्ये त्या तिघांनी साध्या अल्कोहोलला तेच विचारलं होतं.